सायोकोची पेशंट

आईच्या कॉटवर मी उताणी पडले होते, छातीपर्यंत चादर ओढून. उशाशी सायोको उभी. दोन्ही हात पोटाशी जुळवून ती कमरेत वाकली आणि तिनं मला विचारलं,

“आदरणीय महोदया, आपल्या उदरप्रदेशी वेदना होत आहेत काय?”

हे इंग्रजीत बरं का. आमचं सगळं बोलणं इंग्रजीतच चाले, पण तिचं त्या वेळचं इंग्रजी मराठीत आणायचं तर ते असंच आणावं लागेल.

“मी मरायला टेकलेय,” मी म्हटलं, “आणि तू मला सत्कार समारंभाचं आमंत्रण देतेयस. परत विचार.”

“सॉरी, सेन्सेई.”

“आणि सॉरी नको. नर्सनं सॉरी म्हटलं की पेशंटला वाटतं, आता आपलं काही खरं नाही.”

“सॉरी,” ती लगेच म्हणाली.

सेन्सेई म्हणजे बाई, गुरुजी, जे काय असेल ते. तिची ती सॉरीची सवय घालवायला मला अख्खा श्रावण लागला. चहा दिला की सॉरी, दार उघडलं की सॉरी, मला शिंक आली तरी हिचं सॉरी. त्यांच्याकडे, जपानात, म्हणे कुणी आपल्यासाठी काही केलं, की त्याला त्रास पडला याची आधी माफी मागतात. आमच्या पुण्यात त्रास दिला तरी कुणी माफी मागत नाही, त्यामुळे तिची फारच पंचाईत व्हायची.

ही गोष्ट शहाण्णव सालची. मी तेव्हा त्रेपन्न वर्षांची होते. मुलींच्या शाळेत वीस वर्षं इंग्रजी शिकवलं, मग आईला अर्धांगवायू झाला म्हणून नोकरी सोडली आणि नऊ वर्षं तिचं सगळं अंथरुणात केलं. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. एरंडवण्यात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, आणि बाहेरच्या खोलीत तिची लोखंडी कॉट. भाऊ नाशिकहून दिवाळीला यायचा आणि दर वेळी म्हणायचा, “ताई, ही कॉट काढून टाक, घर केवढं मोकळं होईल.” घर मोकळंच होतं. मला त्याचंच भय वाटायचं.

सायोकोला माझ्याकडे पाठवलं ते हुपरीकर सरांनी. माझ्याच शाळेतले जुने सहकारी. निवृत्त झाल्यावर त्यांनी डेक्कनवर परदेशी मुलांसाठी इंग्रजीचा क्लास काढला होता. एक दिवस ते या सडपातळ, चष्मेवाल्या मुलीला घेऊन दारात उभे राहिले.

“कुंदाताई, हिचं व्याकरण माझ्यापेक्षा पक्कं आहे,” ते म्हणाले. “पण तोंड उघडलं की सरकारी पत्र बाहेर पडतं. माझ्या वर्गात तीस पोरं. तुम्ही घ्या हिला. तुम्हालाही तेवढाच विरंगुळा.”

विरंगुळा या शब्दाचा मला राग आला होता. तरी मी तिला दुसऱ्या दिवशी चारला यायला सांगितलं.

सायोको मोरिता सव्वीस वर्षांची होती, जपानच्या उत्तरेकडच्या एका बंदराच्या गावात नर्स होती. नोकरी सोडून पुण्यात आली होती ती एका गोष्टीसाठी. नेपाळात डोंगरावर एक मिशनचं इस्पितळ होतं, तिथं तिला जायचं होतं. ते दरवर्षी दोन-तीन परदेशी नर्सेस घेत. त्यांच्या मुंबईच्या ऑफिसात मार्चमध्ये मुलाखत व्हायची, आणि अर्जावर एक ओळ होती: उमेदवार रुग्णाशी रोजच्या इंग्रजीत बोलू शकते असे मी प्रमाणित करते. त्याखाली शिकवणाऱ्याची सही. त्या सहीशिवाय मुलाखत नाही, आणि मुलाखतीशिवाय नेपाळ नाही.

“रोजचं इंग्रजी” हेच तिचं दुखणं होतं. जठर, यकृत, प्लीहा, सगळ्यांची नावं स्पेलिंगसकट तोंडपाठ. पण उलटी होतेय का हे साध्या शब्दांत विचारता येत नव्हतं. गेट, टेक, पुट असल्या बारक्या शब्दांना ती टरकायची. मोठे शब्द ओळखीच्या माणसांसारखे असतात, म्हणायची, आणि हे लहान शब्द रोज वेगळ्याच घरात सापडतात. आमच्या कोपऱ्यावर हौसाबाई भाजी घेऊन बसायची, तिला इंग्रजीतले आकडे आणि “नो, फ्रेश” एवढंच येई. तिच्यासमोर उभी राहून सायोकोनं एकदा अर्धा किलो बटाट्यांसाठी एवढं लांबलचक विनंतीपत्र म्हणून दाखवलं, की हौसाबाई माझ्याकडे वळून म्हणाली, “काय म्हनतीया ही, बाई? भांडतीया का माझ्यासंगं?”

तेव्हा मी ती युक्ती काढली. पुस्तकं बंद. मी आईच्या कॉटवर आडवी पडायचं, पेशंट व्हायचं, आणि सायोकोनं मला तपासायचं. जे काय बोलायचं ते माझ्याशी, कॉटवरच्या माणसाशी. सुरुवातीला मला हसूच यायचं. नऊ वर्षं मी त्या कॉटच्या कडेला उभी होते, आडवी कधी झाले नव्हते. तिथून छत दिसतं आणि छताला दोन बारीक भेगा आहेत, हे मला तेव्हा कळलं.

हळूहळू मी त्यात चांगलीच रमले. सकाळी उठल्यापासून आज आपल्याला काय झालंय याचा विचार. कधी पित्त, कधी मूळव्याध, कधी जिन्यावरून पडून मोडलेला पाय. चार वाजायच्या आत केस नीट करून, धुतलेली चादर अंथरून मी तयार. एवढी तयारी मी शाळेच्या इन्स्पेक्शनलासुद्धा केली नव्हती.

दुखण्याच्या शब्दांवर आमचे दोन आठवडे गेले. जपानीत म्हणे प्रत्येक दुखण्याचा निराळा आवाज असतो. डोकं ठणकतं ते झुकिझुकि. काटा टोचल्यासारखं ते चिकुचिकु. भाजल्यावर चुरचुरतं ते हिरिहिरि.

“इंग्रजीत याला काय म्हणू?” तिनं विचारलं.

“पेन.”

“आणि याला?”

“पेनच. अगदीच अडलं तर पुढे एखादं विशेषण लाव.”

ती विचारात पडली. “इंग्रजी माणसांना कमी दुखतं का, सेन्सेई?”

“दुखतं सगळ्यांनाच. ते बोलून दाखवत नाहीत एवढंच.”

मग मी तिला आपले शब्द सांगितले, ठणका, कळ, चमक, शिणक, आणि तिनं तिचे सांगितले, आणि आम्ही दोघी जोड्या लावत बसलो. त्या दिवशी ती पहिल्यांदा तोंडावर हात न धरता हसली. क्लास सहाला संपायचा तो साडेसात झाले तरी संपला नव्हता.

दिवाळीनंतरची एक दुपार मात्र वेगळी गेली. त्या दिवशी मला न्यूमोनिया झाला होता. मी दम लागल्यासारखं केलं आणि सहज म्हणून गेले, “प्रॉप मी अप अ बिट.” म्हणजे पाठीशी उशी लावून जरा उठवून बसव मला. आई रोज दहा वेळा सांगायची तसं.

सायोको हललीच नाही. तिचा चेहरा पांढरा पडला.

“परत म्हणा,” ती म्हणाली.

मी परत म्हणाले. तिनं खुर्ची ओढली आणि खाली बसली. मग तिनं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या बंदरात लागलेल्या एका जहाजावरून एका खलाशाला इस्पितळात आणलं होतं. फिलिपिन्सचा होता, छातीत पाणी झालेलं. जपानी येत नव्हतं, इंग्रजी बोलायचा. वॉर्डात इंग्रजी शिकलेली म्हणून त्याला सायोकोच्या हवाली केलं. दोन दिवस तो तिला हे एकच वाक्य म्हणत होता. तिनं डिक्शनरी पाहिली, पण कुठला शब्द शोधायचा तेच कळेना.

“मी काय म्हणत होते माहितीये? यस, यस. प्रत्येक वेळी यस म्हणायचे आणि वाकायचे. त्याला वाटलं असेल, हिला कळतंय आणि तरी ही करत नाही.” तिनं चष्मा काढून पुसला. “तिसऱ्या दिवशी तो गेला. उशी शेजारच्याच पलंगावर होती, सेन्सेई.”

मी उठून चहा टाकला. चहा पिऊन होताच ती म्हणाली, “आपण पुन्हा करूया का? तुम्ही म्हणा, मी उठवते.” त्या संध्याकाळी तिनं मला वीस-पंचवीस वेळा तरी उठवून बसवलं असेल. तिचा एक हात माझ्या पाठीखाली, एक मानेखाली, आणि मग ती उशी ठाकठीक करून विचारायची, “आता बरं वाटतंय?” माणसाला उचलायचं कसं हे मला माहीत होतं, नऊ वर्षं तेच केलं होतं. आपल्याला कुणी उचललं की कसं वाटतं, ते मात्र माहीत नव्हतं.

त्यानंतर तिचं इंग्रजी झपाट्यानं सुटलं. मोठे शब्द गळाले, माफ्या तर आधीच संपल्या होत्या. हौसाबाईशी ती आता मोडकं इंग्रजी, मोडकं मराठी आणि हातवारे यांच्या मिसळीत घासाघीस करायला लागली, आणि हौसाबाई तिला वर दोन मिरच्या घालायला लागली. होस्टेलमधल्या एका इराणी मुलीला टायफॉइड झाला तेव्हा सायोकोनं आठ दिवस तिची सेवा केली. दोघींना मधली भाषा इंग्रजीच. हे मला तिनं नाही, हुपरीकर सरांनी सांगितलं.

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. त्या दिवशी मी कोणताच आजार ठरवला नव्हता. सकाळी आईच्या पेन्शनचे जुने कागद निघाले होते, ते फाडण्यात दिवस गेला होता, आणि घड्याळात पाहिलं तर चार. मी तशीच कॉटवर आडवी झाले.

सायोको आली, चपला काढल्या, हात धुतले. ती आज उभी राहिली नाही. सरळ कॉटच्या कडेला बसली, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली,

“काय झालंय? कुठे दुखतंय, दाखवा बरं.”

अगदी एवढंच. आपण घरात बोलतो तसं.

मी दाखवायला हात उचलला, आणि तो कुठे ठेवावा तेच मला कळेना. पोटावर नाही, डोक्यावर नाही. हात तसाच वर राहिला आणि मला रडू फुटलं. आई गेली तेव्हाही मी अशी रडले नव्हते, तेव्हा माणसं आली होती, चहा करायचा होता. सायोकोनं माझा हात खाली घेतला, पाठीखाली हात घालून मला उठवलं, उशी लावली. मग पाणी आणलं. “हळूहळू प्या,” म्हणाली. “घाई नाहीये. मी आहे इथं.”

मी सावरले तशी तिनं पिशवीतून अर्ज काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. अर्ज सोमवारपर्यंत मुंबईला पोचायला हवा होता.

“सेन्सेई, माझी तयारी झाली आहे असं तुम्हाला वाटतं का?”

मी चष्मा लावला. ती ओळ पुन्हा वाचली, जणू मी ती पहिल्यांदाच वाचत होते. मग कागद टेबलावर ठेवला.

“अजून नाही,” मी म्हणाले. “तुझं गेट-टेक-पुट अजून कच्चं आहे. घाईत तू अजून पुस्तकी बोलतेस. आणखी एक वर्ष कर. पुढच्या मार्चला बघू.”

मला वाटलं होतं ती वाद घालेल, निदान का म्हणून विचारेल. आमच्या शाळेतल्या मुली अर्ध्या मार्कासाठी माझ्या डोक्यावर बसायच्या. सायोको उठली आणि वाकली. “समजलं, सेन्सेई,” म्हणाली. अर्ज तिनं परत नेला नाही, तो माझ्याच टेबलावर राहिला.

त्या रात्री मला छान झोप लागली. दुसऱ्या दिवशी मी लक्ष्मी रोडवर जाऊन कॉटसाठी नवीन चादर घेऊन आले. वर्षभराचे आजार डोक्यात जुळवायलाही सुरुवात केली होती.

चारला ती आली. कॉटपाशी न जाता दारातच उभी राहिली.

“सेन्सेई, मी दहा मार्चला परत जातेय. आमच्या इस्पितळात मला पुन्हा घेताहेत. वडिलांनी विचारून ठेवलंय.”

“परत? अगं, एक वर्ष म्हटलं ना मी? पुढच्या मार्चला—”

“नऊ महिने तुम्ही रोज तुमचा वेळ दिलात. स्वतः आजारी पडलात माझ्यासाठी. एवढं करूनही मी तयार नाही, म्हणजे कमी माझ्यात आहे. मी तुमचा आणखी वेळ घेणं बरोबर नाही.” मग ती म्हणाली, “तुम्ही स्पष्ट सांगितलंत, बरं झालं. दुसऱ्या कुणी मला वाईट वाटेल म्हणून सही केली असती.”

तेव्हाच बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण मी मूग गिळून बसले. मला वाटलं, आज चिडलीय, चार दिवसांत निवळेल आणि राहील. ती चिडलेली नव्हतीच. नऊ महिन्यांत मी तिला शेकडो शब्द शिकवले, पण तिला एवढंसुद्धा ओळखलं नाही.

चार दिवसांनी हुपरीकर सर स्कूटरवरून आले ते तणतणतच.

“काय चाललंय काय, कुंदाताई? मी तिला म्हटलं, आण तो फॉर्म इकडे, मी मारतो सही. त्यात काय एवढं? तर म्हणते, तुम्ही मला शिकवलं नाही. ज्यांनी शिकवलं त्या नाही म्हणाल्या, तर माझ्या लेखी विषय संपला. आता हिला काय म्हणायचं? आपल्याकडची पोरं झेरॉक्सवाल्याची सही आणतील!”

“तयार नाही ती,” मी म्हटलं.

“परवा माझ्याशी तासभर बोलली. मला तर काही—”

“तुम्ही उंटावरून शेळ्या हाकू नका, सर. रोज मी बसतेय तिच्यासमोर.”

“बसता की झोपता?” ते हसत म्हणाले. त्यांनी थट्टाच केली होती, पण चोराच्या मनात चांदणं. मी त्यांना चहाही विचारला नाही.

मग चार वाजायचे आणि कुणी यायचं नाही. मी सवयीनं खिडकीशी जाऊन उभी राहायची आणि साडेचारला आत यायची.

नऊ मार्चला, रविवारी दुपारी, फोन वाजला. मुंबईहून मिशनच्या ऑफिसातल्या मिसेस डिकॉस्टा बोलत होत्या. नंबर त्यांना सायोकोच्या जानेवारीतल्या पत्रात मिळाला होता.

“आम्ही तिच्या अर्जाची वाट पाहिली. फोनवर बोललेय मी तिच्याशी, फार आवडली मला. एक जागा अजून रिकामी आहे, उद्या चार वाजता शेवटची मुलाखत. अर्ज हातानं आणला तरी चालेल. तुम्ही तिच्या शिक्षिका ना? तिची तयारी नाही झाली का?”

मी रिसीव्हर या कानाचा त्या कानाला नेला.

“झाली आहे,” मी म्हणाले. पहिल्यांदाच हे तोंडातून बाहेर पडलं. “कधीच झाली आहे.”

“मग अडलंय कुठे?”

“माझ्याकडून राहिलं. उद्या येईल ती.”

होस्टेलवर फोन लावला तर ती निरोप घ्यायला मैत्रिणींकडे गेली होती. तशी ती सकाळी मला भेटूनच जाणार होती. विमान मुंबईहून रात्री अकराचं होतं आणि मुलाखत चारची. सगळं जमण्यासारखं होतं. मी टेबलावरचा अर्ज घेतला, त्या ओळीखाली सही केली, कुंदा वामन फणसळकर, आणि खाली तारीख घातली. सही जरा वाकडी आली.

सकाळी आठला टॅक्सी खाली येऊन थांबली. मी जिना उतरून फाटकाशीच गेले. सायोको करड्या रंगाच्या कोटात होती, टॅक्सीच्या टपावर तिची एकुलती बॅग. मला पाहून ती वाकायला लागली, तर मी तिचा दंडच धरला.

“ऐक. आज चार वाजता तुझी मुलाखत आहे. पत्ता यावर लिहिलाय. मिसेस डिकॉस्टा तुझी वाट बघताहेत. हा घे अर्ज, सही केलीय मी.”

तिनं अर्ज दोन्ही हातांनी घेतला. सही पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

“पण मी तयार नाहीये.”

“आहेस. त्या दिवशीसुद्धा होतीस. त्याच्याही आधीपासून होतीस. मी खोटं बोलले.”

“का?”

हा प्रश्न तिनं मला तेरा दिवसांपूर्वी विचारायला हवा होता. टॅक्सीवाला दार उघडून उभा होता, वरच्या गॅलरीतून कुणीतरी वाकून बघत होतं. मला कशाचीच लाज उरली नव्हती.

“कारण तू गेली असतीस. तू गेल्यावर चार वाजता माझ्याकडे कुणी आलं नसतं. मला कुणी विचारलं नसतं, कुठे दुखतंय म्हणून. तुझं काही कच्चं नव्हतं गं. मी तुला ठेवून घ्यायला बघत होते. माझं चुकलं, सायोको. फार चुकलं.”

सायोकोचे डोळे भरून आले. मला वाटलं, जिंकलं. आता चिडेल, बोलेल मला, आणि अर्ज घेऊन टॅक्सीत बसेल. चिडली असती तर किती बरं झालं असतं.

तिनं अर्ज होता तसा घडी करून पुन्हा दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

“आमच्याकडेही शिक्षक असंच करतात,” ती म्हणाली. “मुलगा नापास झाला की म्हणतात, मीच नीट शिकवलं नाही. पण तुम्ही केलंत तेवढं कुणी करत नाही. मला कमीपणा वाटू नये म्हणून तुम्ही स्वतःला खोटं पाडताय.”

“अगं, खरं सांगतेय मी. शपथ घेऊ का?”

“नका घेऊ, सेन्सेई. ही सही तुम्ही माझ्यावरच्या मायेनं केलीत, मला कळतं ते. पण ही घेऊन मी उद्या कुणाच्या उशाशी उभी राहिले, आणि त्याचं बोलणं मला नाही कळलं, तर? मी पुन्हा यस, यस म्हणत राहायचं?”

“तुला कळेल. तुला सगळं कळतं.”

ती हसली. लहान मुलाची समजूत घालताना हसतात तशी.

“घाटात ट्रॅफिक लागंल, बाई,” टॅक्सीवाला म्हणाला.

मी अर्ज तिच्या कोटाच्या खिशात कोंबायला गेले. तिनं माझा हात धरला, हळूच बाजूला केला आणि कागद माझ्या मुठीत ठेवून बोटं मिटवली. मग पावलं जुळवून, रस्त्याच्या मधोमध, ती इतकी खोल वाकली की टॅक्सीवाल्यानं तोंड फिरवलं.

“तुम्ही आत जा,” ती म्हणाली. “ऊन लागेल. दुपारी थोडं पडत जा, आणि चारचा चहा एकदम सोडू नका, डोकं धरेल. चार दिवस चुकल्यासारखं होईल, मग बरं वाटेल. मी पोचले की कळवते.”

टॅक्सी गेली. हुपरीकर सरांकडून पुढे कळलं, ती त्याच वॉर्डात लागली आणि तिथंच राहिली, नेपाळचा अर्ज तिनं पुन्हा कधी केला नाही. आज मी ऐंशी वर्षांची आहे आणि त्या सकाळची तिची वाक्यं मला अजून पाठ आहेत. ती बोलत होती तेव्हासुद्धा वीस वर्षांच्या सवयीनं माझा कान तिच्या इंग्रजीत चूक शोधत होता. एक जरी सापडली असती तरी, आपण अगदीच खोटं बोललो नव्हतो म्हणून, मी त्या चुकीला धरून बसले असते, पण तिच्या बोलण्यात एकही चूक नव्हती.